अंगात ऊब येईपर्यंत

कोल्हापूरच्या जुन्या तालमींत पहाटेचं पहिलं काम मातीचं असतं. हौदातली लाल माती आदल्या दिवशीच्या लढतींनी दबून बसलेली असते. ताक, तेल, हळद, लिंबाचा रस मुरवलेली ती माती खोऱ्यानं उकरायची, खालची वर करायची, ढेकळं फोडायची, हाताला लागेल तो खडा वेचून बाहेर टाकायचा आणि मग सगळा हौद सारखा करायचा. माझं आजोळ कोल्हापुरातलं. धाकटा मामा तालमीत जायचा आणि सुट्टीत मलाही बरोबर न्यायचा. हौदाच्या कठड्याशी बसून मी डाव बघायचो, ढाक, धोबीपछाड, कलाजंग. आज पन्नाशी ओलांडल्यावर त्या डावांपेक्षा जास्त आठवतं ते पहाटेच्या अंधुक उजेडात खालीवर होणारं खोरं.

माती उकरताना माणूस कंबरेतून वाकतो, मांड्यांवर भार घेतो, खांद्यातून ओढतो, मुठीनं दांडा घट्ट धरतो. पहिले दहा-वीस फटके सावकाश पडतात. मग हाताला लय सापडते, श्वास मोठा होतो, पाठीवर घाम दिसायला लागतो. अर्धा हौद होईतो अंगातलं आखडलेपण गेलेलं असतं. त्यानंतर जोर, बैठका, सपाट्या. त्यानंतर जोडीदाराशी खडाखडी आणि शेवटी लढत. हा क्रम कोणी फळ्यावर लिहून शिकवला नव्हता, पण तो कधी मोडलेला मी पाहिला नाही. पैलवान कितीही नावाजलेला असो, थंड अंगानं तो कुणाला भिडत नसे.

आणि हे चाललेलं असताना वस्ताद कठड्यावर बसून गप्प बघत असायचे. मला वाटायचं, त्यांचं काम अजून सुरू व्हायचंय. मामानं एकदा सांगितलं, की त्यांचं निम्मं काम तेव्हाच उरकतं. कोण खोरं जपून मारतोय, कुणाचा डावा खांदा पुरता वर जात नाही, कोण रात्री नीट झोपलेला नाही, कोण दुखणं लपवतोय, हे सगळं त्यांना माती उकरतानाच दिसायचं. त्यावरून त्या दिवशीच्या जोड्या ठरायच्या. ‘आज तू याला धरू नको, नुसता जोर काढ,’ असं ते एखाद्याला सांगायचे आणि त्यावर वाद होत नसे.

व्यायामाआधी अंग तापवण्याबद्दल जे जे मी पुढं वाचलं, त्या सगळ्याच्या मुळाशी मला हीच गोष्ट दिसते. स्नायू गरम करणं हा त्यातला एक भाग. दुसरा भाग विचारपुशीचा आहे. आज हे शरीर कसं आहे, काल होतं तसंच आहे का, त्याला काय झेपेल, हे त्याला विचारायचं आणि ते काय सांगतं ते ऐकून मग पुढं जायचं. हा दुसरा भाग आपण जवळजवळ टाकून दिला आहे आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी थंडीच्या दिवसांत सकाळी सहाला उभं राहून बघावं. स्कूटर लावली, हेल्मेट अडकवलं, कानात गाणी घातली आणि माणूस थेट १०३ पायऱ्यांना भिडतो. दगडी पायऱ्या उंच आहेत, चढ सरळ आहे. दहा मिनिटांपूर्वी हे गृहस्थ पांघरुणात होते. मधल्या वेळात त्यांच्या शरीरानं काय केलं असेल? फारसं काही नाही.

स्वस्थ असलेल्या माणसाच्या हृदयातून जे रक्त बाहेर पडतं, त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा हाडाला चिकटलेल्या स्नायूंकडे जातो. बाकीचं यकृत, आतडी, मूत्रपिंडं, मेंदू यांच्याकडे. जोरकस व्यायामात हे प्रमाण उलटतं आणि पाचातले चार वाटे स्नायूंना मिळायला लागतात. एवढी मोठी फेरवाटणी एका क्षणात होत नाही. रक्तवाहिन्यांना रुंद व्हायला वेळ लागतो, श्वासाला वाढायला वेळ लागतो. मांडीचा स्नायू विश्रांतीत शरीराच्या आतल्या भागापेक्षा थंडच असतो, साधारण ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास. तो तापतो तो स्वतःच्याच कामानं. स्नायूला मिळालेल्या ऊर्जेपैकी फार तर चौथा हिस्सा प्रत्यक्ष हालचालीत उतरतो, उरलेल्याची उष्णता होते. एरवी ही नासाडी वाटली असती, पण सकाळच्या पहिल्या दहा मिनिटांत तीच उपयोगाला येते. स्नायू तापला की रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू सहज सोडून देतं, मज्जातंतूंमधून संदेश जलद जातात, कंडरांचा ताठरपणा कमी होतो आणि सांध्यातला वंगणासारखा द्रव कूर्चेवर नीट पसरतो.

डेन्मार्कमधल्या आस्मुसेन आणि बोये या दोन संशोधकांनी १९४५ साली दाखवून दिलं, की तापलेल्या स्नायूंची कामाची कुवत खरोखर वाढते. त्यानंतर या विषयावर पुष्कळ काम झालं. स्नायूचं तापमान एका अंशानं वाढलं तर झटक्याच्या कामात साधारण २ ते ५ टक्के फरक पडतो, असं आज मानतात. धावण्याच्या शर्यतीत एवढ्या फरकात पहिला आणि शेवटचा ठरतो.

पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो १९७३ साली प्रसिद्ध झालेला एक अमेरिकी अभ्यास. बर्नार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी, कसलीही तक्रार नसलेल्या पुरुषांना अंग न तापवता एकदम फिरत्या पट्ट्यावर जोरात पळवलं. काही सेकंदांचीच धाव. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या हृदयाच्या आलेखात बिघाड दिसला, हृदयाच्या स्नायूला तेवढ्या वेळापुरतं रक्त कमी पडल्याची ती खूण होती. याच माणसांना आधी थोडा वेळ हळू पळवलं आणि मग तीच धाव घ्यायला लावली, तेव्हा बहुतेकांचे आलेख सरळ आले. छाती भरदार असलेल्या, पोट आत असलेल्या माणसांची ही गोष्ट आहे. पर्वतीच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या साठीच्या काकांना मी म्हणूनच धीर करून सांगतो, ‘काका, आधी खाली पाच मिनिटं सपाटीवर चाला, मग पहिल्या पायऱ्या सावकाश घ्या.’ काही जण ऐकतात. काही जण कानातली गाणी काढत नाहीत.

शरीराची विचारपूस करायची तर आधी शरीरात काय काय असतं हे माहीत हवं. आपल्याकडे ‘तब्येत कमावली’ म्हणजे दंड आणि छाती कमावली, असं मी लहानपणापासून ऐकत आलो. मामाच्या तालमीतही भिंतीवर ज्या पैलवानांच्या तसबिरी होत्या, त्या सगळ्या छाती पुढं काढून उभ्या असलेल्या. प्रत्यक्षात अंगात एकच एक शक्ती नसते. कॅस्परसन, पॉवेल आणि क्रिस्टेन्सन या तिघांनी १९८५ साली एका निबंधात या गुणांची जी मांडणी केली, तीच आज शाळा-कॉलेजांच्या शारीरिक शिक्षणाच्या पुस्तकांत शिकवली जाते. काही गुण प्रत्येकाला जगण्यासाठी लागतात. हृदय आणि फुप्फुसांचा दमसास, स्नायूंची ताकद, तीच ताकद पुन्हा पुन्हा वापरण्याचा चिवटपणा, सांध्यांची लवचीकता आणि शरीरात चरबी किती, मांस किती याचं प्रमाण. काही गुण खेळणाऱ्याला जास्त लागतात: चपळाई, तोल, हाता-डोळ्यांचा मेळ, वेग, झटक्यात जोर लावण्याची क्षमता आणि इशारा मिळताच हलण्याची तत्परता.

हे वाचलं आणि मला माझ्या आजूबाजूची माणसं वेगळी दिसायला लागली. आळंदीहून निघून पंढरपूरपर्यंत अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालत जाणारी सत्तरीची आजी जोर काढू शकणार नाही, पण तिचा दमसास जिममध्ये घाम गाळणाऱ्या तिच्या नातवाकडे नाही. फडात ऊस तोडून मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणाऱ्या बाईकडे ताकद, तोल आणि चिवटपणा तिन्ही आहेत, आणि तिला कुणी कधी तंदुरुस्त म्हटलेलं नाही. तिच्या कंबरेला आणि गुडघ्यांना त्याची किती किंमत मोजावी लागते, हेही कुणी विचारत नाही. मल्लखांबावरची पोरगी वजनानं पाखरासारखी असते, पण एरंडेल चोळलेल्या गुळगुळीत लाकडावर तिची पकड सुटत नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवं आयुष्य दिलं ते कुस्तीगिरांची अंगं तयार करण्यासाठी. म्हणजे आज जो खेळ म्हणून स्वतंत्रपणे उभा आहे, तो मुळात दुसऱ्या एका खेळाची तयारी होता.

खाशाबा जाधवांच्या बाबतीत हे गुणांचं वेगळेपण फार स्पष्ट दिसतं. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा माणूस वडिलांच्या हाताखाली मातीत घडला. १९४८ साली लंडनच्या ऑलिम्पिकला गेला तेव्हा मॅटवरची कुस्ती त्याला नवी होती, तरी तो सहावा आला. मातीतली कुस्ती चितपट होईपर्यंत चालायची, एकेक लढत तासाच्या पुढं जायची. तिथं दमसास आणि संयम लागायचा. मॅटवर घड्याळ असतं, गुण असतात, पाय मातीत रुततही नाही. तिथं पहिल्या मिनिटापासून झटका आणि चपळाई लागते. चार वर्षांनी, १९५२ साली हेलसिंकीला, खाशाबांनी कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्या चार वर्षांत एका शरीरानं दुसरी भाषा शिकून घेतली होती, असं मला नेहमी वाटतं. त्यांच्या लंडनवारीला मदत करणारं कोल्हापूर संस्थान आणि हेलसिंकीसाठी स्वतःचं घर गहाण ठेवणारे राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांची आठवण काढल्याशिवाय हा परिच्छेद मला पुरा करता येत नाही.

चरबी आणि मांसाच्या प्रमाणाची गोष्ट तर थेट पुण्याचीच आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांचं एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलं होतं. दोघं शेजारी शेजारी उभे, दोघंही सडपातळ. उंची आणि वजनाचा मेळ दाखवणारा आकडा, ज्याला आपण बीएमआय म्हणतो, तो दोघांचा एकच, २२.३. पण मोजणी केल्यावर युडकिनांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी निघाली आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाला मधुमेह का होतो, याचा शोध याज्ञिकांनी पुण्यातून आणि आजूबाजूच्या खेड्यांतून वर्षानुवर्षं घेतला आहे. वजनाच्या काट्यावर उभं राहून ‘मी बारीकच आहे, मला काय गरज’ म्हणणाऱ्या आपल्या मंडळींना हे छायाचित्र दाखवायला हवं.

मला स्वतःला या सगळ्या गुणांत सर्वांत मोलाचा वाटतो तो जमिनीवरून उठण्याचा.

माझ्या आईचं वय ८१ आहे. वाड्यात होतो तोवर तिचा सारा दिवस जमिनीवर जायचा. विळीवर भाजी चिरायची, पाटावर बसून जेवायची, उकिडवं बसून धुणं, ओणवं होऊन सडा-रांगोळी. आम्ही फ्लॅटमध्ये आलो, ओटा आला, डायनिंग टेबल आलं, धुण्याचं यंत्र आलं. हे सगळं तिच्या सोयीसाठी मीच केलं आणि तिला त्याचा आनंदही झाला. काही वर्षांनी लक्षात आलं, की गौरी-गणपतीत ती खाली बसायचं टाळते. बसली तर उठताना भिंत शोधते. एकदा मी तिला विचारलं, ‘आई, गुडघे दुखतात का गं?’ ती म्हणाली, ‘दुखत नाहीत रे. खाली गेले की वर यायचं कसं, तेच आठवत नाही.’

ब्राझीलचे डॉ. क्लाउदियो जिल अरावजो यांनी नेमकी हीच गोष्ट मोजली. पन्नाशीच्या पुढच्या माणसांना त्यांनी जमिनीवर बसून उठायला लावलं. हात, गुडघा, मांडी यांतल्या कशाचाही आधार घेतला की गुण कापायचे. १९९० च्या दशकापासून ते हे करत होते आणि २०१२ साली त्यांनी प्रसिद्ध केलं, की ज्यांना फार आधार घ्यावा लागत होता त्यांचं पुढच्या काही वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण कितीतरी जास्त होतं. त्यात नवल नाही. खाली बसून उठण्यात मांड्यांची ताकद लागते, घोटा आणि खुब्याची लवचीकता लागते, तोल लागतो, आणि अंगाचं वजनही आटोक्यात असावं लागतं. एका हालचालीत चार गुणांची परीक्षा होते. मुठीच्या पकडीबद्दलही असाच एक मोठा अभ्यास २०१५ साली झाला, १७ देशांतल्या जवळपास १ लाख ४० हजार माणसांवर, त्यात भारतही होता. ज्यांची पकड कमजोर, त्यांना मृत्यूचा धोका जास्त, असा त्याचा निष्कर्ष होता. मला हे वाचताना खोऱ्याचा दांडा आठवला.

आता आई रोज सकाळी चहाआधी व्यायाम करते. फिजिओथेरपिस्टनं शिकवलेला तो क्रम आहे आणि त्याची सुरुवात फार हळू असते. खुर्चीत बसून घोटे गोल फिरवायचे. मग ओट्याला धरून टाचा उचलायच्या आणि टेकवायच्या. मग हात कोपरांत वाकवून खांदे फिरवायचे. मग जागच्या जागी चालायचं, गुडघे जमतील तेवढे वर घेत. हे सगळं दहा मिनिटं चालतं. त्यानंतर मुख्य व्यायाम, म्हणजे खुर्चीतून हाताशिवाय उठणं आणि बसणं. म्हातारपणी हा आधीचा वेळ तरुणांपेक्षा जास्त द्यावा लागतो, कारण रक्तदाब आणि हृदयाचे ठोके बदलत्या कामाशी सावकाश जुळवून घेतात, आणि रात्रभर पडून राहिलेले सांधे मोकळे व्हायला वेळ लागतो. शेवटीही एकदम थांबून चालत नाही. पायांत उतरलेलं रक्त तिथंच साचतं आणि घेरी येते. म्हणून ती शेवटी पुन्हा घरभर दोन फेऱ्या मारते.

मला यात सर्वांत जास्त आवडतं ते तिचं बोलणं. टाचा उचलताना ती सांगते, ‘आज उजवी पोटरी ओढतीय, काल जिने चढले ना.’ एका पायावर उभी राहून म्हणते, ‘आज डोकं हलकं वाटतंय, आज जास्त करणार नाही.’ तालमीच्या कठड्यावर बसून वस्ताद जे बाहेरून बघायचे, ते आई आतून बघते. डोळे मिटून टाचा उचलल्या की तोल किती आहे ते कळतं, हात डोक्यावर नेले की खांदा किती आखडलाय ते कळतं, जागेवर चालताना बोलता येतंय का यावरून दम किती आहे ते कळतं. व्यायामाआधीच्या दहा मिनिटांत अंगातला प्रत्येक गुण एकदा हजेरी लावून जातो.

सूर्यनमस्काराकडे मी याच नजरेनं बघायला लागलो आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा जो प्रसार केला त्याला तोड नाही. स्वतः रोज नमस्कार घालायचे, संस्थानातल्या शाळांत मुलामुलींना ते घालायला लावले, पुस्तकं लिहिली, १९३८ साली तर लंडनहून त्यांचं इंग्रजी पुस्तकही निघालं. मणक्याला पुढं आणि मागं वाकवणारा, खांदे, मनगटं, मांड्या, श्वास या सगळ्यांना कामाला लावणारा इतका आटोपशीर व्यायाम दुसरा मला माहीत नाही. पण आज नमस्कारांची स्पर्धा लागते, १०८ घालायचे, जलद घालायचे, आणि पहिलाच नमस्कार शेवटच्याइतक्या वेगानं पडतो. माझ्या मते पहिले पाच-सहा नमस्कार अगदी संथ घालावेत. हात जमिनीला टेकत नसतील तर गुडघे थोडे वाकवावेत. मांडीमागची शीर कुठं अडते, पाठ कुठं कुरकुरते, हे त्या पाच-सहांत कळतं. मग हवे तेवढे घाला.

शाळेच्या मैदानावर आमच्या वेळी कवायतीचे सर वाकून पायाचे अंगठे धरायला लावायचे आणि तसंच हिसके देत मोजायला लावायचे. तीच समजूत अजून पुष्कळ ठिकाणी आहे, की अंग तापवणं म्हणजे ताण देऊन धरून ठेवणं. थंड स्नायू ताणून पुष्कळ वेळ, मिनिटाच्या वर, तसाच धरून ठेवला तर लगेच नंतरच्या उडीत आणि धावेत जोर कमी पडतो, हे गेल्या काही दशकांच्या संशोधनात वारंवार दिसलं आहे. ताण देऊन धरायचं ते खेळ संपल्यावर. आधी हालचाल हवी: हळू पळणं, गुडघे वर घेणं, पाय पुढंमागं झुलवणं, कंबर आणि खांदे फिरवणं, आणि मग जो खेळ खेळायचा त्याच्याच हालचाली आधी सावकाश आणि मग वेगानं.

माझी मुलगी खो-खो खेळते. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला. पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर आणि महिलांची कर्णधार प्रियांका इंगळे, दोघंही महाराष्ट्राचे. त्या दिवशी आमच्या घरात दिवाळी होती. या खेळाइतकी अंगाची कठोर परीक्षा क्वचितच दुसरा खेळ घेत असेल. आठ जण चौकोनांत पाळीपाळीनं उलट्या दिशेला तोंड करून बसतात आणि पाठीवर थाप पडून ‘खो’ कानी आला की बसल्या जागेवरून उसळून पूर्ण वेगानं पळायचं. एकदा घेतलेली दिशा बदलता येत नाही, मधली पट्टी ओलांडता येत नाही. खांबाशी वळायचं, सूर मारायचा, पडायचं आणि पुन्हा उठायचं. बसलेल्या स्थितीतून एका क्षणात एवढा जोर काढणारा गुडघा आधी तयार नसेल तर काय होईल?

काय होतं ते मी एका तालुका पातळीच्या स्पर्धेत पाहिलं. डिसेंबरची सकाळ होती. मुली वेळेवर आल्या, सरांनी त्यांना पळवलं, अंग मोकळं करून घेतलं. मग आधीचा सामना लांबला, पाहुणे आले, भाषणं झाली, आणि मुली तासभर गार फरशीवर बसून राहिल्या. अचानक नाव पुकारलं गेलं आणि सरळ मैदानात जावं लागलं. दुसऱ्याच मिनिटाला आमच्या संघातली एक गुणी पोरगी खांबाशी वळताना गुडघा धरून खाली बसली. ती पुन्हा खेळायला लागली, पण त्यासाठी तिला जवळजवळ वर्ष द्यावं लागलं. तापवलेला स्नायू तापलेलाच राहत नाही. फुटबॉलच्या १५ मिनिटांच्या मध्यंतरात स्वस्थ बसलेल्या खेळाडूंच्या मांड्या जवळजवळ दोन अंशांनी थंड होतात आणि त्यांचा धावण्याचा वेग उतरतो, हे मोजलेलं आहे. इथं तर तास गेला होता.

मुलींच्या गुडघ्यांना असलेला धोका जगभर ओळखला गेला आहे. फुटबॉलच्या जागतिक संघटनेनं, फिफानं, २००६ साली सुमारे २० मिनिटांचा एक क्रम तयार करवून घेतला. हळू धाव, मग ताकद, तोल आणि उडी मारून गुडघे वाकवून नीट उतरण्याचा सराव, आणि शेवटी वेगवान धाव. नॉर्वेतल्या १३ ते १७ वर्षांच्या मुलींवर तो वापरून पाहिला आणि २००८ साली निष्कर्ष आला, की गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्या. त्याला यंत्र लागत नाही, महागडे बूट लागत नाहीत, वातानुकूलित सभागृह लागत नाही. मैदान आणि वीस मिनिटं लागतात. ग्रामीण शाळेतल्या कुठल्याही क्रीडाशिक्षकाला हा क्रम एका आठवड्यात शिकता येईल. आमच्या सरांनी त्यातला उडीचा आणि तोलाचा भाग घेऊन त्याला खो-खोच्या हालचाली जोडल्या आहेत. आता मुली उतरताना गुडघा आत वळू देत नाहीत आणि एकमेकींकडे बघून ‘गुडघा, गुडघा’ असं ओरडतात.

स्पर्धा भरवणाऱ्यांना मी आता दर हंगामात भेटतो. दोनच गोष्टी मागतो. पुढचा सामना कोणाचा आहे, हे पंधरा मिनिटं आधी ध्वनिक्षेपकावरून सांगा. आणि मैदानालगत तीस-चाळीस पावलांची एक मोकळी पट्टी आखून द्या, जिथं थांबलेल्या संघाला पळता येईल, अंग गार होणार नाही. पहिल्या वर्षी कुणी मनावर घेतलं नाही. मागच्या हंगामात एका गावातल्या मंडळानं ऐकलं. त्यांचे सचिव म्हणाले, ‘पट्टी आखतो हो साहेब, पण तिथं लोक मोटारसायकली लावतात. माणूस कुठला उभा करू?’ मी म्हटलं, मी येतो. मुलीच्या संघातल्या आणखी दोघींचे वडीलही तयार झाले, आणि त्या सकाळी साडेसहाला आम्ही तिघं फक्कीनं आखलेल्या त्या पट्टीच्या कडेला जाऊन उभे राहिलो, येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करत.